इजिप्त, इनुपियाट आणि माझी वही

ऑकलंडच्या हेन्डरसन उपनगरातून निघालो तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि माझी लेक मृणाल दारात उभी राहून बजावत होती, "आई, प्लीज, सगळ्यांना प्रश्न विचारत सुटू नकोस. लोक वैतागतात." अडतीस वर्षं मी पुण्याच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं. मला प्रश्न विचारू नकोस म्हणणं म्हणजे श्वास घेऊ नकोस म्हणण्यासारखंच. मी मान डोलावली आणि पर्समध्ये वही आहे ना, ते चाचपून पाहिलं.

मृणाल इथल्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. त्या आठवड्यात ऑकलंडमध्ये निरनिराळ्या देशांतल्या मूळ रहिवाशांचं, त्यांच्या आरोग्यावर काम करणाऱ्यांचं एक संमेलन होतं आणि त्यातल्या एका पाहुणीची व्यवस्था तिच्याकडे आली होती. ही पाहुणी म्हणजे रूथ. अलास्काच्या पार उत्तर टोकाच्या एका गावातली, इनुपियाट जमातीची, वयाने माझ्याच आसपासची. गावात डॉक्टर नाही, म्हणून तीच टाके घालते, तीच बाळंतपणात धावते. संमेलन संपल्यावर तिला उत्तरेकडच्या एका मराएवर (माओरी कुळाच्या सभास्थानावर) भेटीला जायचं होतं. गाडी नबील चालवणार होता. नबील इजिप्तचा, कैरोत बारा वर्षं डॉक्टरकी केलेला. इथे त्याची पदवी चालत नव्हती, म्हणून तो टॅक्सी चालवत होता. गाडीत एक जागा रिकामी होती, ती मी पटकावली.

खरं सांगते, त्यात माझा स्वार्थ होता. ऑकलंडच्या मराठी मंडळींनी माझं व्याख्यान ठेवलं होतं आणि मला विषय सुचत नव्हता. आता विषय आपल्या पायांनी चालत आला होता. एक इजिप्तचा, एक बर्फातली, दोघं एकाच गाडीत, आणि पुढे चार-साडेचार तासांचा रस्ता! वहीत मी आदल्या दिवशीच दोन रकाने आखून ठेवले होते.

शहर मागे पडलं तशी हिरवीगार कुरणं सुरू झाली. इतकी हिरवी की डोळ्यांना टोचावी. मेंढ्या, गाई, मध्येच एखादं पत्र्याचं घर आणि माणसाचा पत्ता नाही. मी मागच्या सीटवरून सुरुवात केली. तुमच्याकडे रेशनची भाकरी मिळते ना? पाणी कुठून येतं? मुली किती शिकतात? (इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. इथलं अहो-जाहो मी माझ्या सोयीने घातलंय.)

नबील भडाभडा बोलला. सरकारी भाकरी स्वस्त, पण तिच्यासाठी पहाटेपासून रांग. मेडिकलचं शिक्षण जवळजवळ फुकट, पण सरकारी डॉक्टरचा पगार इतका, की संध्याकाळी खाजगी दवाखाना चालवल्याशिवाय मुलींना बूट घेता येत नाहीत. "आमच्याकडे एक नदी आहे आणि सगळा देश तिच्या काठावर दाटीवाटीने बसलाय, मॅडम," तो म्हणाला. "प्रत्येक जण दुसऱ्याच्या उठण्याची वाट बघतोय."

रूथ मात्र शब्द मोजूनमापून वापरायची. तेलाच्या पैशातून गावात शाळा झाली, गरम पाण्याचा जलतरण तलाव झाला. पण गावातल्या दुकानात दूध विमानाने येतं आणि त्याची किंमत ऐकून बाहेरचा माणूस हसतो. जमिनीखालचा बर्फ हलतो, त्यामुळे घरं वाकडी होतात. व्हेल मारला की पहिला वाटा विधवांचा आणि म्हाताऱ्यांचा.

"म्हणजे तुम्ही गरीब की श्रीमंत?" मी विचारलं.

"कोणत्या महिन्यात येणार त्यावर आहे," रूथ म्हणाली. मी ते लगेच टिपून घेतलं. व्याख्यानात टाळी पडण्यासारखं वाक्य होतं.

वाटेत वेल्सफर्ड गावात एका डेअरीसमोर (इथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात) बाकावर बसलो आणि मी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला. नबील छातीवर हात ठेवून म्हणाला, "नको नको, मॅडम, तुम्ही घ्या." मी पुन्हा म्हटलं. "छे, छे, पोट भरलंय." मी तिसऱ्यांदा डबा अक्षरशः त्याच्या नाकाखाली धरला, तेव्हा त्याने एक उचलली आणि बघता बघता सात संपवल्या. अगं बाई, हा तर आपल्यातलाच! आपल्याकडे नाही का, पाहुणा पहिल्या हाकेला ताटावर बसला तर हावरट ठरतो? नबील हसला. "आमच्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणणं म्हणजे आईने काही शिकवलं नाही. तिसऱ्यांदा विचारलं की समजायचं, यांना मनापासून द्यायचंय."

रूथने पहिल्याच वेळी तीन पुऱ्या घेतल्या. चौथीला ती नको म्हणाली. मी आपल्या सवयीने आग्रह करत राहिले. "घे गं, एवढीशी तर आहे." तिने डब्यावर हात ठेवला आणि झाकण लावून टाकलं. म्हणाली, "आमच्याकडे नाही म्हटलं की विषय संपला. दुसऱ्यांदा विचारणारे जेवढे आले, ते सगळे जमिनीसाठी आले होते." माझा चेहरा खर्रकन उतरला. पण वही निघालीच.

पुढे कावाकावा गाव सोडल्यावर नबीलने त्याच्या मनातलं सांगितलं. या मराएवाल्यांचा छोटा दवाखाना आहे. सुट्टीच्या दिवशी तो गेले आठ महिने तिथे फुकट येत होता, घरोघर जाऊन साखर तपासत होता, म्हाताऱ्यांचे पाय बघत होता. आता त्यांना पगारी आरोग्यसेवक नेमायचा होता. काम डॉक्टरचं नव्हे, पण तिथले डॉक्टर त्याला हाताखाली घेऊन पुढच्या परीक्षेसाठी शिफारस देणार होते. "आज ते विचारतील," तो म्हणाला. "बायको रात्रभर झोपली नाही. गेल्या तीन वर्षांत माझ्या मुलींनी मला स्टेथोस्कोप लावलेला पाहिला नाही. धाकटीला वाटतं, बाबा आधीपासूनच ड्रायव्हर होते."

मी म्हटलं, होईल, नक्की होईल. तो आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमच्या मृणालला लगेच नोकरी मिळाली ना? तुम्हा लोकांचं बरं आहे." मृणालने इथल्या परीक्षेसाठी दोन वर्षं कसं रक्त आटवलं ते मला माहीत होतं. मला ते लागलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

होकिआंगाच्या खाडीचं पहिलं दर्शन वळणावर झालं. राखाडी, संथ पाणी, पलीकडे वाळूच्या पिवळ्याधमक टेकड्या. वस्तीतली घरं मात्र रंग उडालेली, अंगणात चाकं काढलेल्या गाड्या. ब्रोशरवरचं न्यूझीलंड मागे कुठेतरी राहिलं होतं. रूथ काच खाली करून बघत होती. "घरासारखं वाटतंय," ती म्हणाली, आणि त्यात आनंद नव्हता.

मराएच्या फाटकाशी आम्ही थांबलो. आतून एका बाईने लांब, कापऱ्या सुरात साद घातली आणि आम्ही हळूहळू पुढे गेलो. भाषणं झाली, नाकाला नाक लावून स्वागत झालं, मग जेवणघरात नेलं. कुमारा (इथलं रताळं), भोपळा, तळलेली पाव-भाकरी, शिंपल्या, आणि डुकराच्या मांसाचा पातळ रस्सा. नबीलसाठी एका बाईने आठवणीने वेगळ्या भांड्यात शिजवलं होतं. एवढा जीव होता त्यांचा त्याच्यावर.

जेवण उरकल्यावर नॅनी हुइआ उभ्या राहिल्या. ऐंशीच्या घरातल्या, पायात जॅन्डल्स (रबरी चपला), दवाखान्याच्या समितीच्या त्याच मुख्य. त्यांनी नबीलने कुणाकुणाचे पाय वाचवले ते नावं घेऊन सांगितलं. मग म्हणाल्या, "आम्ही सगळे बोललो आहोत, बेटा. हे काम तू घ्यावंस असं आम्हाला वाटतं. घेशील?"

नबील उठला. त्याचे डोळे भरले होते. छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "नको नको. मी कोण? या कामावर तुमच्या स्वतःच्या लेकरांचा हक्क पहिला. माझ्याहून लायक माणूस तुमच्यात नक्की असेल."

मला क्षणात कळलं. वेल्सफर्डच्या बाकावर बसलेला तोच माणूस, तोच छातीवरचा हात. तो थांबला होता, पुन्हा विचारतील म्हणून. आणि नॅनी हुइआ त्याच्याकडे बघत होत्या, रूथसारखंच नाही म्हणजे नाही समजून, त्याचा शब्द नीट कानात साठवत. मग त्यांनी समितीच्या एकेका माणसाकडे वळून पाहिलं. तेवढ्या वेळात मी उठून म्हणू शकले असते, "नॅनी, आमच्या बाजूच्या लोकांना पुन्हा एकदा विचारावं लागतं." एवढंच वाक्य. जेवणघरात बायकांना बोलायची आडकाठी नव्हती, जेवताना तर नुसता गलका चालला होता सगळ्यांचा.

मी काय केलं? मी पेनाचं टोपण काढलं. दोन्ही रकान्यांवर आडवी रेघ ओढून वर लिहिलं, 'नकाराची रीत', आणि खाली अधोरेखित केलं. केवढं समाधान झालं मला, काय सांगू. अडतीस वर्षं पोरांना जे पुस्तकातून शिकवलं, ते डोळ्यांसमोर घडत होतं. नबीलचा सकाळचा तो टोमणाही कुठेतरी सलत होता, तेही लपवत नाही.

"तू बरोबर बोललास," नॅनी हुइआ अखेर म्हणाल्या. "आम्हीच चुकलो. आपल्या लेकरांचा विचार आधी करायला हवा होता." त्यांनी कोपऱ्यातल्या एका तिशीच्या बाईला हाक मारली. ती मारामा, नर्सिंगचा छोटा कोर्स करून शहरातून परत आलेली. समितीपुढचं दुसरं नाव तिचंच होतं. मारामा तोंडावर हात घेऊन रडायला लागली, तिची आई उठून तिला बिलगली, आणि सगळा हॉल उभा राहून गायला लागला. त्या गाण्याने ठराव पक्का होतो, हे मला शेजारच्या बाईने कानात सांगितलं. मीही उभी राहिले. नबीलही उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर अजून तेच अदबीचं हसू होतं, फक्त ते काढायचं कसं हे त्याला समजत नव्हतं.

निघताना लोकांनी त्याला मिठ्या मारल्या. इतका मोठ्या मनाचा माणूस पाहिला नाही म्हणाले. कुमाऱ्याचं एक अख्खं पोतं गाडीत चढवलं. मारामाने त्याचे दोन्ही हात धरून आभार मानले आणि त्याने तिचं अभिनंदन केलं, अगदी व्यवस्थित, थोरल्या भावासारखं. आता माघार घ्यायची तर त्या पोरीच्या तोंडातला घास काढावा लागला असता. तो तसला माणूस नव्हता.

परतीच्या वाटेवर कावाकावा मागे पडलं. मग रूथने सरळ विचारलं, "तुला काम नको होतं, तर आठ महिने कशाला आलास?"

"हवं होतं," नबील म्हणाला.

"मग नाही का म्हणालास?"

"पहिल्यांदा सगळेच नाही म्हणतात."

रूथने त्याच्याकडे वळून पाहिलं. मग तिने कपाळावर हात मारून घेतला आणि तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या मराएवाल्यांना आयुष्यभर कुणी 'नाही' म्हणू दिलं नाही, नबील. म्हणून त्यांनी तुला म्हणू दिलं. मीही तेच केलं असतं." तिच्यावर रागवायला जागाच नव्हती. राग फक्त मागच्या सीटवर बसलेल्या बाईचा यायला हवा होता, पण तिच्याबद्दल गाडीत अजून कुणाला माहीत नव्हतं.

ऑकलंडचे दिवे दिसायला लागेपर्यंत मी मनातल्या मनात स्वतःची वकिली करत होते. पाहुणीने मध्ये तोंड घालू नये. मला काय खात्री होती? कदाचित त्याला खरंच नको असेल. सगळं खोटं. मला खात्री होती. दोन समाजांमध्ये अंतर किती आहे ते मोजायला मी निघाले होते. ते अंतर ओलांडायला एक वाक्य पुरत होतं, आणि ते वाक्य येणारी त्या हॉलमध्ये मी एकटीच होते. विद्वान म्हणवून घेण्याची एवढी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती. पुढे ते व्याख्यान मी दिलं. लोकांना आवडलं. नकाराच्या रितीचा भाग वगळला होता.

रूथला तिच्या मुक्कामी सोडून नबीलने गाडी हेन्डरसनला आमच्या दारात आणली. इंजिन बंद केलं, पण उतरला नाही. आरशातही पाहिलं नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही तिथे समोरच बसला होता. मला काय म्हणायचं होतं, ते तुम्हाला कळलं होतं का?"

"नाही," मी म्हटलं.

त्याने पुन्हा विचारलं नाही.