नळीवरचा दिवा

बंगळुरात राजाजीनगरच्या त्या वठारात, म्हणजे चाळीत, घराला घर लागून, आणि मधल्या भिंती नावापुरत्या. पलीकडं कुणी उसासा टाकला तरी अलीकडं ठकुबाईच्या चुलीपर्यंत पोचायचा. तेव्हा बसवंत आणि शालन यांचं भांडण तिनं चोरून ऐकलं, असं कुणी म्हणू नये. ती भाकरी थापत होती, आणि कान काही काढून परातीत ठेवता येत नाहीत.

"माझ्या कपाळाला कधी कुंकू लावलंत?" शालन म्हणत होती. "त्या दगडाला मात्र रोज बोट भरभरून लावताय."

"न्हाई लावलं तर लोक तिथं खणतील."

"खणू द्यात. नळी कंपनीची, कंपनी बघंल."

"फुटली तर कंपनी तिथं नसती, शालन. झोपड्यांतली माणसं असत्यात."

"आणि मी कुठं असते, ते एकदा सांगा."

त्यावर पलीकडून वहाणा चढवल्याचा आणि दार ओढल्याचा आवाज आला. इकडं ठकुबाईची भाकरी करपली.

बसवंत निपाणीकडचा. तेलाच्या एका कंपनीत नळीवरचा राखणदार. रेल्वेच्या वाघिणींतून उतरलेलं पेट्रोल जमिनीखालच्या लोखंडी नळीतून डेपोच्या टाक्यांत जायचं, आणि त्या नळीच्या डोक्यावरून सकाळ-संध्याकाळ चालणं हे त्याचं काम. गवत कुठं जळालंय का बघायचं, माती उचलून हुंगायची, कुणी कुदळ घेऊन आला तर त्याला हाकलायचं. ठकुबाईची माणसं पिढ्यान् पिढ्या बंगळुरातली, नाना नोकऱ्या केलेली. पण माती हुंगून पगार घेणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला.

कुंकवाचं झालं ते असं. नळी जिथं वळते तिथं कंपनीनं खुणेचा दगड पुरला होता. तिथलाच जोड उन्हाळा आला की पाझरायचा. पट्टा आवळला की थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. आणि शेजारच्या झोपड्यांतले लोक भिंती लिंपायला नेमकी तिथलीच माती खणायचे. बसवंत ओरडून थकला. शेवटी एका सकाळी त्यानं दगडाला हळदकुंकू लावलं, वर दोन फुलं ठेवली. झालं, खणणं थांबलं. अम्मापाशी, म्हणजे देवीपाशी, कुदळ कोण मारणार?

पण अम्मा म्हटली की दिवा आलाच. त्या झोपड्यांतल्या कल्लाप्पाची म्हातारी आई तिन्हीसांजेला तिथं पणती लावायला लागली. खाली पेट्रोल पाझरतंय आणि वर ज्योत. बसवंतनं तिला सांगून पाहिलं, ही अम्मा उष्ण आहे, हिला दिवा सोसत नाही. म्हातारी म्हणाली, दिवा न सोसणारी अम्मा आम्ही तरी ऐकली नाही. मग त्यानं खरं तेच सांगितलं, खाली तेल आहे, भडका उडेल. तिनं "सरी, सरी" म्हणत मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी अम्मानं सांभाळावं म्हणून दोन पणत्या लावल्या.

तेव्हापासून म्हातारी वळली की यानं जाऊन ज्योत चिमटीत धरायची. रजा घ्यावी, तर बदलीवरचा शिवाप्पा दिव्याला हात जोडून पुढं जायचा. त्यापायी बसवंत मेव्हण्याच्या लग्नालाही गेला नाही. शालन एकटीच गेली, ती माहेरीच राहिली. मग सासऱ्याचा निरोप आला: पाडव्याला घ्यायला या, नाहीतर पोरगी आता आमच्याकडंच राहील.

"जा की अण्णा," ठकुबाई म्हणाली. "दिव्याचं मी बघते."

"अक्का, तुमच्यानं होईल?"

"एवढीशी पणती ती. वणवा विझवायला नाही जायचं मला."

पाडव्याच्या आदल्या दिवशी तो मोगऱ्याचा गजरा बांधून घेऊन गाडीवर गेला. संध्याकाळी ठकुबाई दगडापाशी पोचली आणि तिचा हातच पुढं होईना. बाईमाणसानं देवीपुढची ज्योत मालवायची म्हणजे काय? शेवटी तिनं पणती तळहातावर घेतली, पदराचा आडोसा केला, आणि लांबच्या करंजाखाली नेऊन ठेवली. वळून बघते तर रस्त्यावर गाठोडं घेऊन बसवंत उभा.

"गाडी चुकली?"

"न्हाई. पुढच्याच ठेसनात, यशवंतपूरला उतरलो." त्याला धाप लागली होती. "वाटलं, तुमचा हात धजायचा न्हाई."

"नाहीच धजला. म्हणून उचलून आणला इकडं."

तो पणतीपाशी उकिडवा बसला. "हे मला कधी सुचलंच न्हाई," म्हणाला. मग हळूच, "म्हंजे गेलो असतो तरी चाललं असतं."

ठकुबाईनं त्याच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि घराची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी तो निपाणीला निघाला. पोचेपर्यंत पाडवा होऊन गेला होता. सासऱ्यानं चहा पुढं केला. शालन दाराआड होती. तिनं एवढंच विचारलं, "दगडापाशी जाऊन आलात ना आधी?" त्याला खोटं बोलता येत नव्हतं. गजरा सुकलेलाच परत आला.

शालननं तिकडं विड्या वळायचं काम धरलं. दोघांनी दुसरं लग्न केलं नाही, आणि एकमेकांचं नावही घेतलं नाही. भिंतीपलीकडून आता भांडण येत नसे. एका ताटाचा, एका तांब्याचा आवाज तेवढा यायचा. ठकुबाई जरा जास्तच भाकऱ्या थापायची आणि उरल्या म्हणून नेऊन द्यायची.

असं करता करता त्याचे केस पिकले. डेपो दुसरीकडं गेला, नळी पाण्यानं धुऊन दोन्ही तोंडं बंद केली, आणि बसवंतचीही नोकरी संपली. सकाळच्या गाडीनं भावाकडं गावी जायचं ठरलं. दारात गाठोडं बांधून ठेवलेलं. तिन्हीसांज झाली तशी त्यानं वहाणा चढवल्या.

"आता रिकामी झाली ना ती नळी," ठकुबाई म्हणाली. "आज कशाला निघालात?"

"कल्लाप्पाच्या बायकोनं लावला असंल, अक्का."

म्हातारी मागेच गेली होती. दिवा सुनेकडं आला होता. दगडापाशी बसवंतनं वाकून चिमूटभर माती उचलली, हुंगली, टाकली. पणती तळहातावर घेतली, दुसऱ्या हाताचा आडोसा केला, आणि करंजाखाली नेऊन ठेवली. मग परत येऊन दगडाला कुंकू लावलं, आणि बोट धोतराला पुसत घराकडं वळला.