पांढऱ्या पाण्यातला बगळा

वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सोलापुरात करायचं ठरलं, म्हणून ते मोडनिंबहून आमच्याकडे राहायला आले होते. पट्टी निघाली, पण डोळा कितपत सुधारलाय याचा मला अंदाज येईना. विचारलं की "दिसतंय की" एवढंच म्हणायचे. तक्रार करणं त्यांच्या स्वभावातच नाही.

पक्ष्यांचे फोटो काढायचा मला नाद आहे. त्या रविवारी सकाळी होटगीच्या तलावावर एक बगळा अगदी जवळून मिळाला. घरी आल्याआल्या मी लॅपटॉप वडिलांपुढे ठेवला आणि बगळा कसा आलाय ते विचारलं. त्यांनी मान पुढे केली, मागे घेतली, डोळे बारीक करून पाहिलं.

"कुटं हाय बगळा?" ते म्हणाले. "मला तर नुसतं पांढरं दिसतंय."

ऑपरेशन फसलं असंच मला वाटलं. दवाखान्यात फोन लावला, कुणी उचलेना. माझी गडबड ऐकून बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिनंही फोटो पाहिला.

"मलाही नाही दिसत," ती म्हणाली. "तुम्ही तिथं होतात, म्हणून तुम्हाला दिसतोय."

मग मी नीट पाहिलं. मागच्या पाण्यावर ऊन असं पडलं होतं की पांढरा पक्षी त्यात विरघळूनच गेला होता.

लगेच एडिटिंगला बसलो. पक्ष्याच्या कडेकडेनं माउस फिरवून त्याला वेगळं केलं आणि मागचं पाणी गडद करायला घेतलं. घाईत जास्तच गडद झालं. पिसांभोवती पांढरी झालर उठली, बगळा कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसू लागला. ते पुसून पुन्हा हलक्या हातानं उजेड उतरवत गेलो. पाणी राखाडी झालं, तशी बगळ्याची मान वर आली.

वडिलांना दुसरा डोळा हातानं झाकायला लावला आणि काही न सांगता लॅपटॉप पुढे केला.

"बगळा हाय की," ते म्हणाले. "चोचीत मासा धरलाय, आडवा."

माशाबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. मी खुर्चीत मागे रेललो. हाच फोटो आधी का दाखवला नाहीस, असं ते वर मलाच विचारत होते.

सोमवारी डॉक्टरांनीही डोळा छान असल्याचं सांगितलं. पण माझा घोर रविवारीच मिटला होता; त्या दुपारी जेवून मी जो झोपलो, तो संध्याकाळी चहालाच उठलो.