मेट्रनबाईंच्या गाडीचे दिवे

मेट्रनबाईंनी ज्याच्यावर एकदाही संशय घेतला नाही, असा माणूस मला नंदाखाल गावात भेटलेला नाही. दूधवाला पाणी घालतो, मीटर बघायला येणारा आकडा न बघताच लिहितो, नवीन फादर आपली बोली समजल्यासारखी नुसतीच मान हलवतात, असं त्यांचं दिवसभर चाले. आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "राजापूरचे ना तुम्ही? आंबे घरचे येतात?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. मे महिन्यात पेटी आली की कळेलच."

मुंबईच्या एका इस्पितळात त्या मेट्रन होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, नवराही गेला, तरी गावाच्या तोंडी त्या मेट्रनबाईच राहिल्या. पेशंट शांत झोपलाय असं नर्सने सांगितलं, तरी त्या पलंगापाशी जाऊन स्वतः बघून येत. "पट्टी वरून कोरडी दिसते म्हणून आतून कोरडीच असेल असं नाही. बोट लावून बघायचं," असं त्या म्हणत. वॉर्डात या सवयीने काही जीव वाचले असतील. घरी मात्र तीच सवय शेजाऱ्यांना जड जाई.

शेजारी म्हणजे मुख्यतः इनास, त्यांचा धाकटा दीर. दोन घरांना मिळून एकच अंगण, आणि त्यातल्या पत्र्याखाली बाईंच्या नवऱ्याची क्रीम रंगाची जुनी पद्मिनी मोटार उभी असे. भाऊ गेल्यावर थोड्याच दिवसांत इनास म्हणाला होता, "वैनी, गाडी नुसती उभी ठेवून काय करशील? मला दे, मी वापरीन." त्याने सरळ मनानेच विचारलं असेल. बाईंनी गाडी शिकायच्या क्लासात नाव घातलं. साठीनंतर शिकल्या आणि मग चर्चमधली रविवारची मिस्सा असो, बाजार असो की गावातल्या कुणाचं अडलेलं बाळंतपण, स्वतः गाडी काढू लागल्या. इनासशी बोलणं कामापुरतं उरलं.

एका उन्हाळ्यात त्यांनी गाडीचे दिवे बदलले. जुन्या गोल दिव्यांचा उजेड पिवळा आणि मंद होता. गोखिवऱ्याच्या एका गॅरेजात जाऊन त्यांनी त्याच काचांच्या आत पांढरे एलईडी बसवून घेतले. चेहरा जुना, उजेड नव्या गाडीचा.

"एवढी काय गरज होती?" मी विचारलं.

"रस्ते बिघडलेत."

मला ते पटलं नाही. रस्ते आधीही बिघडलेलेच होते. त्यांच्या घरात राहून संशय घ्यायला मीही शिकत होते.

पावसाळा लागला आणि उजव्या दिव्याच्या काचेवर आतून थेंब दिसू लागले. दिवा मनाला येईल तेव्हा लागे. बाई मला घेऊन गॅरेजात गेल्या. गॅरेजवाला म्हणाला, "मॅडम, फुल सील केलंय. पाणी आत जायचा चान्सच नाय. कुणीतरी पाइप मारला असणार."

हे एक वाक्य पुरलं. इनासचा भाजीचा टेम्पो होता आणि तो रोज दुपारी अंगणात पाइपने धुवायचा. त्या दिवसापासून पहारा सुरू झाला. बाईंनी दोन्ही दिव्यांना आंघोळीच्या वेळी डोक्याला घालायच्या प्लास्टिकच्या टोप्या घातल्या. पावलं उमटावीत म्हणून गाडीभोवती तांदळाचं पीठ पसरलं. सकाळी त्यात फक्त मांजर फिरून गेलेलं दिसलं. टेम्पो धुवायच्या वेळी मला गॅलरीत बसवलं.

"त्याने पाइप आपल्याकडे वळवला?"

"नाही."

"चष्मा लावला होतास का?"

शेवटी एका दुपारी त्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. "इनास, दिव्यात पाणी कोण घालतं?"

"देव घालतो वैनी. पाऊस पडतोय."

"देव काय फक्त उजव्याच दिव्यात घालतो?"

इनासने पाइप गुंडाळला, टेम्पो अंगणातून बाहेर काढला आणि पुढे तो रस्त्यावरच्या नळावर धुवायला लागला. त्याची बायको आमच्या दारावरून जाताना मान फिरवू लागली. मला वाईट वाटलं.

पंचाईत अशी, की टेम्पो गेला तरी पाणी थांबलं नाही.

मग एका रविवारी मिस्सा आटोपून आल्यावर बाईंनी बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवली. "दिव्यावर समोरून ओत," म्हणाल्या. मी ओतलं. त्यांनी दिव्याभोवतीचं कडं काढलं आणि आत कापूस फिरवला. कापूस पांढराच. "आता चाकाच्या बाजूने मार. टायर उडवतं तसं, खालून वर." मी तांब्या तांब्याने पाणी मारलं. या वेळी कापूस निळा झाला.

दिवा पूर्ण बाहेर काढल्यावर कारण दिसलं. नव्या दिव्याच्या मागे तो गार ठेवायला छोटा पंखा होता. पंखा मावेना म्हणून गॅरेजवाल्याने मागची रबराची टोपी कातरली होती, उजवीकडची जरा जास्तच. चाक रस्त्यावरचं पाणी थेट त्या भोकात उडवत होतं. आम्ही मात्र समोरच्या काचेला टोप्या घालत बसलो होतो.

चोर सापडल्याचा आनंद बाईंच्या चेहऱ्यावर नव्हता. त्या इनासच्या दाराकडे बघत होत्या. तो निळा कापूस हातात घेऊन त्या तशाच त्याच्या पायरीपाशी गेल्या. मी बादली घेऊन मागे.

"हे बघ. पाणी चाकाकडून जात होतं. तू नव्हतास."

"मी नव्हतो हे मला ठाऊकच होतं," इनास म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारलं, "पण वैनी, तू दिवे कशाला बदललेस? गाडी विकायचीय ना तुला? गिऱ्हाईक यायचं म्हणून सजवलीस. मी पण तुझ्यावर नजर ठेवूनच होतो. भावाची गाडी आहे ती."

बाई पायरीवर बसल्या. "विकायची नाही रे. तिन्हीसांजेनंतर मला नीट दिसत नाही. काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची. म्हटलं उजेड वाढवला तर अजून काही वर्षं निघतील." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नाशिकला लेकीला कळवलंस तर बघ."

दुसऱ्या दिवशी टेम्पो पुन्हा अंगणात धुतला गेला.

गॅरेजवाल्याला बाईंनी फार झापलं नाही, पण तो सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवायला निघाला तेव्हा त्याचा हात धरला. "जखम चारी बाजूंनी शिवून टाकली तर आतला पू कुठून बाहेर येणार?" त्यांनी मोठी, खोल रबरी टोपी बसवायला लावली. वायर मधे सैल सोडून खाली झुकवली, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी जोडापर्यंत न जाता खाली गळून पडेल. चाकाच्या वरच्या कमानीत जाड रबराचा पडदा लावून घेतला. दिव्याच्या बुडाशी बारीक भोक होतं, ते मोकळंच ठेवलं. त्यानंतर धो धो पावसातही आत थेंब दिसला नाही.

त्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी आम्ही निर्मळ गावाहून परत येत होतो. सरी जोरात होत्या आणि दोन्ही दिवे लख्ख लागले होते. मधेच बाईंनी गाडी थांबवली.

"पुढे काय आहे? खांब की माणूस?"

रस्त्याच्या कडेला डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई उभी होती. उजेडात तिच्या लुगड्याचा काठसुद्धा मला दिसत होता.

"बाई आहे," मी म्हटलं.

त्यांनी इंजिन बंद केलं. "दिवे ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत."

"बोट लावून बघ."

मी पावसात उतरले, काचेवर हात फिरवला, वाकून आत बघितलं. आत एक थेंब नव्हता. परत येऊन तसं सांगितलं, तेव्हा त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले. मग पर्समधून फोन काढला. "इनास, मला न्यायला ये."

तो रिक्षाने आला, भिजलेला. बाई उतरून दुसऱ्या बाजूला बसल्या. भावाच्या जागेवर बसताना तो अवघडला. "वैनी, माझ्यावर भरवसा आहे ना?"

"चालव तू. ते घरी गेल्यावर बघू."

त्यानंतर त्यांनी कधीच गाडी चालवली नाही. दर रविवारी इनास त्यांना मिस्साला नेई, आणि जाता-येता त्याच्या गिअर, हॉर्न, ब्रेक सगळ्याचे वाभाडे निघत. आम्ही पुढे विरारला फ्लॅट घेतला; माझ्या फेऱ्या कमी झाल्या.

यंदा चर्चच्या उपवासकाळात बाई गेल्या. माती झाल्यावर इनास दफनभूमीच्या भिंतीशी एकटाच उभा होता. मी जवळ गेले तेव्हा आपणहून बोलू लागला.

"शेवटच्या रविवारी गाडीत ती एकदम गप्प. ना ब्रेकवरून बोलली, ना हॉर्नवरून. मी वळून बघितलं तर डोळे मिटलेले. घाबरून गाडी कडेला घेतली, हाक मारली. डोळे न उघडताच म्हणाली, जागी आहे रे मी. तू चालवतोयस ना, मग मी कशाला बघू?"