परातीतून नेलेली रेकॉर्ड

मी चौथी शिकले. इंग्रजी तेव्हा येत नव्हतं, आताही येत नाही. तरी इंग्रजी रॉकच्या रेकॉर्डी साताऱ्याहून सांगलीला आणि सांगलीहून परत साताऱ्याला नेण्याचं काम मी आठ-नऊ वर्षं केलं. सत्तर सालानंतरच्या या गोष्टी. नातवंडांना सांगितलं की ती हसतात. हसू देत. त्यांची गाणी फोनमध्ये आपोआप येऊन पडतात, आमचं एकेक गाणं एसटीनं यायचं.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं. धाकटा भाऊ लष्करात वायरलेसवर होता. पाच वर्षं शिलाँगला काढली आणि तिथून तो हा नाद घेऊन आला. नोकरी संपल्यावर साताऱ्यात एका सरकारी कचेरीत लागला. माझे मालक कुपवाडला एका छोट्या कारखान्यात टर्नर होते. दुसऱ्यांच्या घरी मेहुणे-मेहुणे भेटले की उसाची, बैलांची बोलणी व्हायची. आमच्या घरी हे दोघं भिंतीला टेकून गिटारीबद्दल बोलायचे. आधी मला वाटलं, चार दिवसांत उतरेल. उतरलं नाही. मालकांनी कोल्हापुरातून सुटकेससारखा एक जुना रेकॉर्ड प्लेअर आणला, आणि मग दर रविवारी आमच्या दोन खोल्यांत सहा-सात जण चटईवर बसून ऐकायला लागले. एक बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही असा नेम होता. बाजू संपली की मात्र एकमेकांचं ऐकून घ्यायचं नाही, असाही असावा.

मी चुलीपाशी भाकरी थापत ऐकायची. शब्द कळत नव्हते, त्याचा काही तोटा झाला नाही. मला जाड तारेच्या गिटारीचा आवाज आवडायचा, तो कानापेक्षा पोटात जास्त वाजतो. रेकॉर्डींची नावं मला म्हणता येत नव्हती, म्हणून मी कव्हरावरच्या चित्रांवरून नावं ठेवली. एक जळकं झाड होतं, ती जळक्या झाडाची. एकीवर एक म्हातारा उलटा लटकलेला, ती म्हाताऱ्याची. वर्षभरात सगळे माझीच नावं वापरायला लागले. चांगले शिकलेले लोक विचारायचे, "वहिनी, म्हाताऱ्याची आली का परत?"

आता रेकॉर्डी यायच्या कुठून, ते सांगते. साताऱ्यात एक निवृत्त कॅप्टन राहायचे. त्यांची बहीण विलायतेत होती, ती नव्या नव्या रेकॉर्डी पाठवायची. साठी ओलांडलेला, कडक इस्त्रीचा माणूस, पण व्हरांड्यात बसून हीच गाणी ऐकायचा. माझा भाऊ दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे जाऊन बसे. ते त्याला रेकॉर्ड घरी न्यायला देत, पण अटी होत्या. आठ दिवसांत परत. बोटं कडेला लावायची, मध्ये नाही. आणि रेकॉर्ड साताऱ्याबाहेर न्यायची नाही. अट मोडली तर पुन्हा दारात यायचं नाही.

तिसरी अट आम्ही पहिल्यापासून मोडत होतो. भाऊ मला द्यायचा, मी दोन पितळी परातींमध्ये जुन्या लुगड्याच्या घडीत रेकॉर्ड ठेवायची, पराती तोंडाला तोंड लावून फडक्यात बांधायची आणि एसटीत बसायची. शेजारच्या बाया म्हणायच्या, केवढी माया माहेरची, दर महिन्याला परात भरून घेऊन जाते. मी हो म्हणायची.

त्या वर्षी शिमगा होऊन गेल्यावर एक नवी रेकॉर्ड आली. कव्हरावर चार केसाळ माणसं विहिरीत वाकून बघत होती, म्हणून ती विहिरीची. अख्ख्या जिल्ह्यात ती कॅप्टनसाहेबांकडेच होती. आणि नेमकी तीच आम्हाला हवी होती, कारण मालकांच्या मित्राला त्यातलं पहिलं गाणं बसवायचं होतं. हा मित्र मिरजेला सतारी बनवायचा. कुणी सांगितलं नसताना त्यानं फणसाच्या लाकडाची एक विजेवरची गिटार बनवली होती. कुपवाडच्या कारखान्यात पुढच्या शनिवारी नव्या शेडचा कार्यक्रम होता आणि तिथं हा वाजवणार होता. लग्नाच्या बँडमधला एक ड्रमवाला, जाड तारेवर एक वेल्डर आणि हा. त्याला अगोदर दुसरं एकही गाणं धड येत नव्हतं.

सोमवारी मी साताऱ्याहून निघाले. बस गच्च भरलेली. ड्रायव्हर भावाच्या ओळखीचा होता. म्हणाला, "आक्का, परात हिकडं द्या बॉनेटवर. तितं कोण पाय देत न्हाई." मला बरं वाटलं. मी परात त्याच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर ठेवली आणि मागं जाऊन बसले. कराडला उतरून पाणी प्याले. इस्लामपूरला खिडकीची जागा मिळाली. परातीला हात लावून बघायचं साडेचार तासांत मला सुचलं नाही. जन्मभर तव्यावर भाकरी भाजणाऱ्या बाईला खाली विस्तव आणि वर पितळ म्हणजे काय होतं हे कळू नये, याला काय म्हणावं.

घरी मालक आणि मिरजेचा मित्र वाट बघत बसले होते. फडकं सोडलं तेव्हा परात अजून कोमट होती. रेकॉर्डची एक कड भाकरीनं पदर सोडावा तशी वर आली होती.

मित्रानं ती कडेनं उचलून डोळ्यांसमोर आडवी धरली. मग म्हणाला, "भाभी, ये तो सतारीचा भोपळा झाला."

मालकांनी सुई ठेवून बघितली. सुई उडी मारून खाली पडली.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "लय बेस झालं. आता दोन दिस घरात गुमान ऱ्हातील समदी."

मालक म्हणाले, "तुज्या भावाला आता त्यो सायब दारात उबा करनार न्हाई." ते मला ठाऊक होतं. भावाचं घरी बायकोशी पटत नव्हतं, कचेरीत दिवसभर शिक्के मारायचे. रविवारचा तो व्हरांडा, तेवढंच त्याचं स्वतःचं होतं. ते जाणार होतं, आणि माझ्या हातून.

रडून रेकॉर्ड सरळ होत नाही. मी विचार केला, उष्णतेनं वाकली तर उष्णतेनंच सरळ होईल, फक्त वरून दाब पाहिजे. सपाट आणि ऊन आत सोडणारी वस्तू म्हणजे काच. भिंतीवर दोन मोठ्या तसबिरी होत्या, एक खंडोबाची आणि एक वारलेल्या सासऱ्यांची. मी दोन्ही उतरवल्या आणि मागचे खिळे उपसले.

सासूबाई म्हणाल्या, "देवाला उगडं क्येलंस ते क्येलंस, म्हाताऱ्याला बी?"

"चार दिवस, आत्ती. त्यांना काय गार लागणार आहे?"

"जित्ता आस्ता तर तुला दावलं आस्तं."

"जिवंत असते तर त्यांनीच काच काढून दिली असती."

सासऱ्यांना गाण्याचा नाद होता, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मंगळवारी मी आधी मालकांची एक जुनी रेकॉर्ड घेतली. मालक नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. दोन काचांमध्ये घालून भर उन्हात ठेवली, जरा जास्तच वेळ. सपाट झाली, पण वाजवली तर नुसती खरखर. रेघा दबून गेल्या होत्या. पापड वाळवताना जसा अंदाज येतो तसा मग आला. दुसऱ्या वेळी विहिरीची ठेवली. काचेला हात लावून बघत बसले, हात सहन होईनासा झाला तशी आत सावलीत आणली आणि वर जात्याची खालची तळी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

बुधवारी सकाळी सुई ठेवली. उडाली नाही. बाहेरच्या कडेचं पहिलं गाणं मात्र डुलत होतं. सूर जरा वर जायचा, जरा खाली यायचा, पाळण्यात बसून कुणी गावं तसं. पुढची गाणी ठीक होती. मालक म्हणाले, "सायबाच्या ध्यानात येनार." मी म्हटलं, "येऊ दे. परत देताना मी जाऊन सांगीन." भावाला काही कळवलं नाही. कळवलं असतं तर तो चार दिवस झोपला नसता.

मिरजेच्या मित्राला मात्र डुलण्याचं काही वाटलं नाही. तो बुधवार ते शुक्रवार आमच्याकडे बसून ते गाणं पन्नासदा ऐकत होता. सतारीवर तार ओढून सूर झुलवतात, ते त्याच्या हाताला रोजचं. त्यानं ते गाणं डुलण्यासकट बसवलं.

शनिवारी दुपारी चारला कारखान्याच्या पटांगणात दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं. शंभर-दीडशे माणूस होतं, बायका एका बाजूला, सासूबाई सगळ्यात पुढं. एवढ्यात फाटकातून माझा भाऊ आत आला, आणि त्याच्यामागं कॅप्टनसाहेब. भावाचं तोंड पांढरं पडलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आक्का, मी नुसतं बोललो की सांगलीकडं कार्यक्रम हाय. ते म्हणाले, मी येतो. न्हाई कसं म्हनू? ते इहिरीचं गानं वाजवू नका म्हनावं."

मी स्टेजमागं गेले. मित्र तारा जुळवत होता. म्हटलं, दुसरं वाजव. तो म्हणाला, "भाभी, दुसरं येतच न्हाई." मी तशीच परत आले.

पहिल्यांदा कारखान्याच्या मालकाचं भाषण झालं, ते लांबलं. मग ड्रमवाल्यानं काठ्या आपटल्या आणि वेल्डरनं जाड तार ओढली. कर्ण्यातून तो आवाज आला तशी माझ्या शेजारच्या बाईनं पोटावर हात ठेवला. मला बरं वाटलं, म्हणजे ते माझ्या एकटीचंच नव्हतं. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, लावनी वाजवा की गड्या." त्याला मालकांनी बसवलं. फणसाची गिटार सुरू झाली, आणि पहिला सूर वर जाऊन डुलत खाली आला. लोक मान डोलवायला लागले. सासूबाईही डोलवत होत्या, हे मी पाहिलं. त्यांना नंतर विचारलं तर म्हणाल्या, मान आखडली हुती.

कॅप्टनसाहेब ताठ बसून ऐकत होते. संपल्यावर सरळ स्टेजपाशी गेले. आम्ही मागोमाग.

"चांगलं वाजवलंत," ते मित्राला म्हणाले. "पण सुरुवात अशी नाही. तिथं सूर सरळ जातो."

मित्र म्हणाला, "न्हाई सायब, रेकॉर्डीत असाच हाय. मी तीन दिवस ऐकलोय."

"कुठल्या रेकॉर्डमध्ये?"

भाऊ आपल्या चपलांकडे बघायला लागला. मालकांना एकदम वायरी गुंडाळायच्या होत्या. मग मीच बोलले.

"तुमच्याच. मी सांगलीला आणली, एसटीत इंजिनावर ठेवली, ती वाकली. काचेत घालून सरळ केली, पण पहिलं गाणं डुलतंय. याआधीही दर महिन्याला आणत होते. भावाला वाकल्याचं माहीत नव्हतं. काय बोलायचं ते मला बोला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भावाकडे.

"मला ऐकायची आहे," ते म्हणाले.

सगळे आमच्या घरी आलो. त्यांनी उभ्यानंच पहिलं गाणं ऐकलं. भिंतीवर सासरे आणि खंडोबा काचेविना होते, तिकडं त्यांची नजर गेली. सासूबाईंनी संधी सोडली नाही. "सायब, आमच्या म्हाताऱ्याच्या तोंडावर धा दिसात धूळ बसंल. ह्यास्नी रेकॉर्डी दिऊ नगासा."

ते हसले नाहीत. "परात दाखवा," म्हणाले. मी दाखवली. त्यांनी बोटानं वाजवून बघितली.

"पितळ."

"हो."

"पुढच्या वेळी मांडीवर ठेवा."

एवढंच बोलले. भावानं पहिल्यांदा श्वास सोडला, तो मला चुलीपर्यंत ऐकू आला. मी त्यांना पिठलं-भाकरी वाढली. दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागून घेतली.

विहिरीची त्यांनी परत नेली नाही. वाकडी वस्तू मी घरात ठेवत नाही, असं म्हणाले आणि आम्हाला देऊन टाकली. भावाचे रविवार चालू राहिले. पावसाळ्यानंतर त्यांच्या बहिणीनं तीच रेकॉर्ड दुसरी पाठवली, चांगली सरळ, आणि ती मी साताऱ्याहून सांगलीला आणली. परात पूर्ण वाट अंगाशी. कराडपर्यंत उभी होते तेव्हा पोटाशी धरून, पुढं बसायला मिळालं तेव्हा मांडीवर. उतरले तेव्हा दोन्ही मांड्या बधिर होत्या.

मिरजेच्या मित्राला बोलावलं. पहिलं गाणं लावलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, "भाभी, ही बिघडली वाटतं. सूर हालतच न्हाई."

बधिर मांड्या घेऊन मी त्याला जे बोलायचं ते बोलले. त्यानं काही मनावर घेतलं नाही. पुढं जिथं वाजवलं तिथं त्यानं ते गाणं डुलतंच वाजवलं.