श्वासाचं माप घेणारी चंद्रकला

मॉरिशसमधल्या क्वात्र बॉर्नच्या कापडबाजारामागे चंद्रकला झंपर शिवायची. १९५६ साली तिच्या नवऱ्याच्या माउथ ऑर्गनचा एक सूर मुका झाला. तिने वरचा पत्रा उघडला. आत पितळेची इवली पाती ओळीने बसलेली आणि एका पात्याखाली नवऱ्याच्या मिशीचा केस. सुईने केस काढताना पातं जरा उचललं गेलं, तर तो सूर काढायला भलतीच जोरात फुंकर लागू लागली. तिने ते दाबलं, तर हलक्या फुंकरीवर गोड वाजलं, पण जोरात फुंकल्यावर गुदमरून गप्प.

"बे, हे झंपरासारखंच की," ती म्हणाली. "ज्याचं त्याच्या अंगावर बेतायला पायजे."

तेव्हापासून लोक माउथ ऑर्गन घेऊन येऊ लागले. ती छातीला टेप लावायची, टांगलेल्या दोऱ्यावर फुंकर मारायला सांगायची आणि झंपरांच्या वहीत माप लिहायची. एकाने तर सांगितलं, "पुढे दम वाढेल, थोडी माया सोड."

हरिलाल बसवर कंडक्टर. त्याच्या फुंकरीने दोरा खिळ्यावरून सुटला, म्हणून त्याची पाती उंच ठेवली. त्याचा साडू इंद्रदेव पोस्टात कारकून. त्याच्यापुढे दोरा हललाच नाही. चंद्रकलेने आधी त्याची नाडी पाहिली, मग पाती अगदी खाली बसवली.

पितों गावी एका लग्नात दोघे शेजारी जेवायला बसले. दोघांनी माउथ ऑर्गन मध्येच ठेवले होते; केळीची पानं उचलताना त्यातला एक पानाबरोबर गेला. गाईच्या गव्हाणीपर्यंत शोधला, पण मिळाला नाही. उरलेला दोघेही आपलाच म्हणू लागले. दोन्ही एकाच दुकानातले, दिसायला सारखे.

भांडण बैठकेत, म्हणजे वस्तीच्या शाळावजा सभाघरात गेलं. तिथे मराठी शिकवणाऱ्या सत्यदेव गुरुजींचा शब्द शेवटचा. चंद्रकला वही घेऊन आली, पाती पाहिली आणि म्हणाली, "खाली बसवलेली आहेत. हा इंद्रदेवभावजींचा."

"झंपरांची वही पुरावा होत नाही," गुरुजी म्हणाले. "दोघांनी फुंका. ज्याचा असेल त्याला वाजेल."

हरिलालने लहानपणी गुरुजींच्या छड्या खाल्ल्या होत्या. त्यांची नजर पडताच त्याचा दम आटला. त्याने भीत भीत फुंकलं आणि सूर मधासारखा आला. इंद्रदेवला मात्र आयुष्यात पहिल्यांदा राग आला होता. त्याने भात्यासारखं फुंकलं. पाती गुदमरली.

"हरिलालचा," गुरुजींनी निकाल दिला.

"आयो, माजा हाय तो!" इंद्रदेव असा गरजला की छपरावरची कबुतरं उडाली.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये हरिलालने फुंकलं, तर आवाजच नाही. तो चंद्रकलेकडे धावला. "पाती उचल."

"गुरुजींनी निकाल दिलाय. तो मी सुईने बदलू?"

मग उपाय एकच उरला. दर रविवारी हरिलाल गुरुजींच्या पुढ्यात बसून वाजवू लागला. ते रोखून बघत, तो घाबरत वाजवी. महिनाभर छान चाललं. पुढे गुरुजींनाच गोडी लागली. ते मान डोलावू लागले, हरिलालची भीती गेली, दम वाढला आणि सूर बंद पडला.

"गुरुजी, रागवा ना!"

"प्रयत्न करतोय रे," गुरुजी कळवळून म्हणाले.

शेवटी ते स्वतः चंद्रकलेच्या दुकानात आले. माप द्यायला आलेल्या बायका पदर सावरून उभ्या राहिल्या.

"चंद्रकला, तो इंद्रदेवचा होता."

तिने वही पुढे केली. दोन झंपरांच्या मधल्या जागेत गुरुजींनी तसं लिहून सही केली.

इंद्रदेवला बोलावलं. पण एकदा गरजल्यापासून त्याचा आवाज खाली आलाच नव्हता. पोस्टात तो पत्त्यावरची नावं मोठ्याने वाचायचा आणि माणसं रस्त्यावरूनच "आलो" म्हणायची. त्याने फुंकलं, तर पाती पुन्हा गुदमरली. "राहू दे हरिलालला," तो म्हणाला आणि स्वतःसाठी नवा घेऊन आला.

चंद्रकलेने दोघांची मापं पुन्हा घेतली. दोन्ही एकच निघाली. तिने दोन्हींची पाती उचलली आणि पुन्हा घोळ नको म्हणून उरलेल्या कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या, एक लाल, एक हिरवी. इंद्रदेवला लाल-हिरवं ओळखू येत नाही, हे तिला पुढच्या लग्नात कळलं.