बशीला लिव्हर नसतं

"गुडघ्याचं ऑपरेशन आता करता येणार नाही. तुमच्या लिव्हरला सूज आहे," नागपूरचे डॉक्टर म्हणाले. रक्तात एसजीपीटी, म्हणजे लिव्हर दुखावलं की वाढणारं एन्झाइम, भलतंच वाढलेलं. मी गेले होते गुडघ्यासाठी. लिव्हर मधेच कुठून आलं?

कुठून आलं ते मला ठाऊक होतं. बाटली पर्समध्येच होती.

मी सौसरजवळच्या उपकेंद्रात नर्स आहे. गावोगाव पायी फिरून लसी टोचते. उजव्या गुडघ्यात ऑस्टिओआर्थ्रायटिस. हाडांच्या टोकांवरची मऊ गादी, म्हणजे कूर्चा, झिजलेली. ऑपरेशन नाही तर फिरणं नाही, मग नोकरी कशी टिकणार, हा एकच घोर.

आमच्या पांढुर्ण्याच्या घरात माझी धाकटी जाऊ चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल विकते. पत्रकावर प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीचा फोटो. बशीत अर्क टाकला अन् कूर्चेच्या पेशी वाढल्या, असं खाली लिहिलेलं. "ताई, हे सायन्स हाय, जडीबुटी नोहे," ती म्हणाली. अन् मी भाळले, बाटली घेतली! शिकलेली बाई मी. शुगरच्या गोळ्या सोडून झाडपाला खाते म्हणून बोरगावच्या सुमनआजीला मी उपकेंद्रातल्या अख्ख्या रांगेसमोर झापलं होतं. "पाला खाऊन राहिली? मराचं हाय का तुले?"

"काढा, चूर्ण, कॅप्सूल, काही घेता का?" डॉक्टरांनी तीनदा विचारलं. तीनदा मी "नाही" म्हटलं, तोंड वर करून. मग काविळीच्या तपासण्या, सोनोग्राफी, पुन्हा रक्त. बाकड्यावर बसून बसून कंबर गेली.

घरी जावेनं माझा गिलास वेगळा ठेवला. लेकरांना कावीळ लागू नये म्हणून! विष विकलं तिनं, अन् विटाळ माझा. तोच गिलास तिला फेकून मारावा असा संताप आला. पण तोंड उघडलं असतं तर माझंच पितळ उघडं पडलं असतं. त्याच गिलासातल्या पाण्यासोबत मी कॅप्सूल घेत राहिले. इतकी मूर्ख मी.

तिसऱ्या रिपोर्टात आकडा आणखी चढला. "बायोप्सी करू. लिव्हरचा बारीक तुकडा सुईनं काढून तपासतात," डॉक्टर म्हणाले. तेव्हा कुठे बाटली टेबलावर ठेवली.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बशीत पेशी वाढल्याही असतील," ते म्हणाले. "बशीला लिव्हर नसतं, ताई. आणि या बाटलीत नेमकं काय भरलंय, कोणाला माहीत?"

कॅप्सूल बंद केल्या. लिव्हर सावकाश ताळ्यावर आलं, मग ऑपरेशन झालं. जावेशी मी बोलत नाही, बोलणारही नाही. तुम्हाला कोणी असा फोटो दाखवला तर आधी डॉक्टरांना सांगा. माझ्यासारखं लपवत बसू नका.

कामावर रुजू झाले त्या दिवशी रांगेत सुमनआजी उभी.

"आजी, पाला खाऊन राहिली का अजून?"

"नाही व माय," ती म्हणाली अन् मान खाली घातली.

असलं "नाही" मला चांगलं ओळखता येतं. मी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलले, "मीनं पण खाल्ला, आजी. चिनी. लिव्हर सुजवून बसली, अन् डॉक्टरशी तीनदा खोटं बोलली."

आजीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मराचं होतं का तुले?" ती म्हणाली, अन् कमरेला खोचलेली पाल्याची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली.