मशीनची सुट्टी

७ ऑक्टोबर २०१९, सोमवार. खंडेनवमी. ऊन कडक. दूधवाला उशिरा आला. विनता मला विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सेंटरला घेऊन गेली. सर्व्हरला हळदकुंकू मी वाहिलं.

विनता आता सेंटरची प्रमुख आहे. माझे यजमान नीलकंठ प्रमुख होते, तेव्हा ती त्यांच्या हाताखाली लागली. हे गेल्यावरही दर खंडेनवमीला ती मला न्यायला येते.

सासरे इथल्याच संरक्षण कारखान्यात फिटर होते. नवमीला लेथ पुसायची, पुजायची आणि मग दिवसभर तिला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. यांनी तोच नेम सर्व्हरला लावला. आठवडाभर आधी विभागांत, होस्टेलांत सूचना जायची: नवमीला नेट बंद. मुलं कुरकुरायची.

"सर, मशीन भी छुट्टी लेती है क्या?"

"तुम नहीं लेते?" हे विचारायचे.

एरवी यांना सुट्टी नव्हतीच. कुठे उंदरानं केबल कुरतडली, कुठे माकडांनी गच्चीवरचा अँटेना वाकवला. ताटावर बसले की फोन. "भैया, पहले बत्ती देखो, हरी जल रही है?" यांची कितीतरी जेवणं या वाक्यापायी गार झाली.

नवमीचा दिवस मात्र माझा. मशीन बंद, फोन बंद, आणि हे सकाळपासून बनियनवर अंगणात, उगीचच मला हाका मारत. वर्षभर मी त्या दिवसाची वाट बघायची.

एका नवमीला आम्ही भेडाघाटचा धबधबा बघायला निघालो. वाटेत तेवर गावात चहासाठी स्कूटर थांबवली, तर होस्टेलमधली अंजनी बसची वाट बघत उभी. तिचं घर तिथलंच; आजारी वडिलांना बघायला आलेली. सूचना तिनं पाहिलीच नव्हती. "सर, आज फेलोशिप की लास्ट डेट है. मेरा सारा काम आपके सर्व्हर में है." पोरीला रडू आवरेना.

हे माझ्याकडे वळले. "काय विचार करून राहिली?"

"चला परत," मी म्हटलं.

"संध्याकाळी येऊ," हे म्हणाले.

संध्याकाळी आणखी कुणाचं काही निघालं. पुढच्या वर्षीपासून पूजा झाली ती चालू मशीनची. अंजनीचा फॉर्म गेला, याचा मला आनंदच होता. पण माझा दिवस गेला तो गेलाच. यांच्या निवृत्तीनंतरही तसा दिवस आला नाही. तोवर तब्येतीमुळे यांना अंगणात बसवत नव्हतं.

आज सर्व्हरवर तळवा ठेवला. कोमट होता.

"विनता, आपलं जेवण होईपर्यंत बंद ठेव ना याला."

"काकू, काहून थट्टा करून राहिल्या? सगळा कॅम्पस अंगावर येईल माझ्या!"

मग ती घरी जेवायला आली. वरणभात कालवला आणि फोन वाजला. लायब्ररीचं नेट गेलं होतं. ती हात धुवायला उठली. मी दारात आडवी उभी राहिले. यांना मी कधीच अडवलं नव्हतं.

"भात संपव. मग जा."

विनतानं माझ्याकडे पाहिलं, फोन पालथा घातला आणि परत बसली. फोन वाजत राहिला. तिनं वरण पुन्हा मागून घेतलं. यांच्याबद्दल काहीबाही बोललो, हसलो. मग ती गेली.

संध्याकाळी रोजनिशीत लिहिलं: वरण संपलं. रात्रीला मुगाची खिचडी टाकली.